तिमोशेन्कोंना तुरुंगात टाकलं ते बरोबर होतं का? (चर्चा धागा)

कृष्णाकाठ

युक्रेनच्या माजी पंतप्रधान युलिया तिमोशेन्को यांना २०११ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली ती कशाबद्दल, असं विचारलं की दहातले नऊ जण सांगतात भ्रष्टाचार. साफ चूक. पैसे खाल्ल्याचा आरोप त्या खटल्यात नव्हताच. युक्रेनच्या फौजदारी कायद्याचं कलम ३६५, म्हणजे अधिकाराची मर्यादा ओलांडली, एवढंच. जानेवारी २००९ मध्ये रशियाबरोबर गॅसचा करार झाला, त्यासाठी त्यांनी नाफ्तोगाझ या सरकारी कंपनीला लेखी निर्देश दिले, त्याला मंत्रिमंडळाची मंजुरी नव्हती आणि त्यामुळे देशाचं दीड अब्ज ह्रिव्नियाचं नुकसान झालं, असं कोर्टाचं म्हणणं.

आता ती वेळ कसली होती बघा. १ जानेवारीला गाझप्रॉम या रशियन सरकारी गॅस कंपनीने युक्रेनचा गॅस तोडला, ७ तारखेपासून युक्रेनमार्गे युरोपला जाणाराही पूर्ण बंद झाला. बल्गेरिया, स्लोव्हाकिया ऐन थंडीत गारठले. एका बाजूला पुतिन, दुसऱ्या बाजूला ब्रसेल्स (युरोपियन युनियन), आणि घरात राष्ट्राध्यक्ष युश्चेन्को त्यांच्याच विरोधात. १९ तारखेला मॉस्कोत सह्या झाल्या, २० ला गॅस सुरू. करार महाग होता हे मान्य, बेस प्राइस ४५० डॉलर हजार घनमीटरला, मी तो चांगला होता असं म्हणतच नाही. पण महागडा करार केला म्हणून माजी पंतप्रधानाला जेलमध्ये टाकायचं? ती शिक्षा मतदारांनी द्यायची असते आणि २०१० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दिलीही होती, यानुकोविच ४८.९५ टक्के, तिमोशेन्को ४५.४७. मग ज्याने हरवलं त्याच्याच राजवटीत दीड वर्षात ही बाई गजाआड. हा न्याय नव्हता, सूड होता. लोकांची मतं वाचायला आवडतील.

सुमेधा_वि

खटला सूडाचा होता हे मान्य करूनही मला या बाईंबद्दल सहानुभूती वाटत नाही. नव्वदच्या दशकात दनिप्रोपेट्रोव्हस्कमध्ये आधी व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायचा धंदा, मग पेट्रोल, आणि १९९५ पासून युनायटेड एनर्जी सिस्टिम्स. वर्ष दीड वर्षात ही कंपनी देशातल्या सर्वात मोठ्या गॅस आयातदारांत जाऊन बसली, कशी? त्याच गावचे पावलो लाझारेन्को आधी उपपंतप्रधान, मग १९९६ मध्ये पंतप्रधान झाले आणि कुठल्या प्रांतात कुणी गॅस विकायचा हे सरकार ठरवत होतं, म्हणून. त्याच लाझारेन्कोंना पुढे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टाने मनी लाँड्रिंगमध्ये दोषी ठरवलं. 'गॅस प्रिन्सेस' हे नाव लोकांनी उगाच नाही दिलं. तिथे पेन्शनी महिनोन्महिने थकत होत्या, कारखाने पगाराऐवजी माल हातात देत होते, त्या काळात हे साम्राज्य उभं राहिलं. डोक्याभोवती वेणी गुंडाळली, भरतकामाचा सदरा घातला की मागचं सगळं धुऊन निघतं का?

तटबंदी

कृष्णाकाठ, कराराला 'महाग होता' म्हणून तुम्ही दोन शब्दांत उरकलंत, पण खरा विषय तोच आहे. ४५० चा आकडा सोडा. त्यात 'घ्या नाहीतर पैसे भरा' अशी अट होती. वर्षाला ५२ अब्ज घनमीटर आणि त्यातल्या ८० टक्क्यांचे पैसे द्यायचेच, गॅस वापरा नाहीतर न वापरा. मंदीत निम्मे स्टील कारखाने थंड पडले होते, एवढा गॅस जाळणार कोण? शिवाय किंमत तेलाच्या भावाला बांधलेली, म्हणजे तेल वर गेलं की हे आपोआप वर. दहा वर्षांची बांधिलकी, आणि ती करताना मंत्रिमंडळाला विचारायचंच नाही? मंजुरीची पद्धत असते ती एका माणसाच्या हातून देश गहाण पडू नये म्हणूनच. हे बेकायदेशीर नसेल तर काय असेल?

आणि पुढचं बघा, याच किमतीतून सुटायला यानुकोविचने एप्रिल २०१० मध्ये खारकिव करार केला, १०० डॉलरपर्यंत सूट घेतली आणि बदल्यात सेव्हास्तोपोलचा नौदल तळ रशियाला २०४२ पर्यंत देऊन टाकला. सेव्हास्तोपोल क्रायमियात, आणि २०१४ मध्ये रशियाने क्रायमियाच घेतला.

औषधवाली

मी त्या वर्षांत खारकिवला एमबीबीएस करत होते म्हणून लिहिते. (महाराष्ट्रातली बरीच मुलं तेव्हाही तिथे होती.) आमची घरमालकीण पेन्शनवर जगणारी, एकटी, रशियन बोलणारी. दर महिन्याला गॅस आणि हीटिंगची बिलं टेबलवर पसरून चष्मा लावून बघत बसायची आणि म्हणायची, हे सगळं युलियाचं देणं. तिला त्या कराराचं एक कलम माहीत नव्हतं, पण राग खराखुरा होता. खारकिव तसा यानुकोविचच्या पक्षाचा बालेकिल्ला. पण २०१२ मध्ये तिमोशेन्कोंना काचानिव्स्का तुरुंगातून पाठीच्या दुखण्यासाठी रेल्वे हॉस्पिटलमध्ये आणलं तेव्हा गेटबाहेर बायका उभ्या असायच्या, पांढरे झेंडे, त्यावर लाल बदाम, बहुतेक सगळ्या माझ्या घरमालकिणीच्याच वयाच्या. बर्लिनच्या शारिते हॉस्पिटलचे डॉक्टर तपासायला आले होते. कैद्याला तपासायला परदेशातून डॉक्टर आणावे लागतात, म्हणजे त्या तुरुंगावर कुणाचा किती विश्वास होता ते समजा. राजकारण बाजूला ठेवून डॉक्टर म्हणून एवढंच म्हणेन की ज्या बाईला नीट बसता येत नव्हतं तिच्या कोठडीत चोवीस तास कॅमेरा लावणं हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

कृष्णाकाठ

औषधवाली ताई, मनापासून धन्यवाद, हे वाचायला मिळतं म्हणून तर इथे लिहावंसं वाटतं. फक्त त्या बिलांबद्दल एक. घरगुती गॅसचा दर ऑगस्ट २०१० मध्ये एकदम ५० टक्क्यांनी वाढला तो आयएमएफच्या कर्जाच्या अटीमुळे, आणि वाढवला अझारोव सरकारने, यानुकोविचच्या. तिमोशेन्को पंतप्रधान होत्या तोवर घरगुती दर सरकारने दाबून धरला होता (तेही चूकच, नाफ्तोगाझ त्यात खड्ड्यात गेली). दरवाढ यांनी केली, बिल तिच्या नावावर फाडलं, आणि वर्षभरात खटला उभा केला.

तटबंदी, तुमचा मुद्दा वजनदार आहे, उत्तर देतो. आधी रॉसयुक्रएनर्गो. २००९ पर्यंत रशिया आणि युक्रेनच्या गॅस व्यवहारात ही मधली कंपनी बसलेली होती, अर्धी गाझप्रॉमची आणि उरलेल्यातली बहुतेक दमित्रो फिरताशची. काही न बनवता, काही न खणता नुसतं मध्ये बसून पैसा. ती त्या करारात उडाली. फिरताश यानुकोविचच्या जवळचा होता हे वेगळं सांगायला नको. दुसरं, त्याच दिवशी गॅस वाहून न्यायचाही करार झाला होता. पुढे नाफ्तोगाझ स्टॉकहोमच्या लवादात गेली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये लवादाने गाझप्रॉमला, करारात ठरल्यापेक्षा कमी गॅस युक्रेनमार्गे नेल्याबद्दल, ४.६३ अब्ज डॉलर द्यायला सांगितले. तुमची ती ५२ अब्जची अटही लवादाने ५ अब्जांवर आणली. देणंघेणं वजा करून रशियाने २०१९ च्या अखेरीस व्याजासकट २.९ अब्ज डॉलर मोजले. देश गहाण टाकणाऱ्या कागदावर असे पैसे वसूल होतात का?

तटबंदी

ते श्रेय नाफ्तोगाझच्या नंतरच्या टीमचं आणि वकिलांचं, तिमोशेन्कोंचं नाही. वाईट करार लवादाने दुरुस्त केला म्हणजे करार चांगला होता असं होत नाही, उलट ५२ चे ५ करावे लागले यातच सगळं आलं. आणि तोपर्यंतची आठ नऊ वर्षं कुणी सोसली? रॉसयुक्रएनर्गो गेली ते चांगलं झालं, हे मात्र देतो तुम्हाला.

नवा_गडी

माझ्यासारख्याला एक कळत नाही, या बाईंनी कधी काही चांगलं केलं का नाही?

सुमेधा_वि

केलं ना, प्रामाणिकपणे सांगायचं तर २००० हे त्यांचं सर्वात चांगलं वर्ष. उपपंतप्रधान म्हणून ऊर्जा खातं होतं. तेव्हा वीज आणि गॅसचे पैसे रोखीने कुणी देतच नव्हतं, मालाच्या बदल्यात माल, मध्ये दलाल. ते मोडून त्यांनी रोख वसुली सुरू केली, बजेटमध्ये पैसा आला, दलालांचा जीव वर खाली झाला. त्याच वर्षी नवऱ्याला अटक झाली आणि फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांना स्वतःला. पण हे जमलं कारण सगळ्या पळवाटा त्यांना धंद्यातून तोंडपाठ होत्या.

२००५ मध्ये पंतप्रधान झाल्यावर क्रिवोरिझस्तालचा विषय लावून धरला. आधीचे राष्ट्राध्यक्ष कुचमा यांच्या काळात त्यांच्याच जावयाच्या गटाला ८० कोटी डॉलरच्या आसपास विकलेला स्टील कारखाना, फेरलिलाव झाला तेव्हा आपल्या लक्ष्मी मित्तलांनी ४.८ अब्जांना घेतला. सहापट! लिलाव ऑक्टोबरमध्ये, त्याआधी सप्टेंबरमध्येच युश्चेन्कोंनी तिमोशेन्कोंना काढलं होतं. पण त्याच आठ महिन्यांत पेट्रोलच्या किमती वरून ठरवून पंपांवर रांगा लावल्या त्याही त्यांनीच. २००८ ला सोव्हिएत बँकेत बुडालेल्या ठेवींपोटी माणशी हजार ह्रिव्निया वाटले, लोक त्याला 'युलियाची हजारी' म्हणायचे. २०१९ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत गॅस निम्म्या किमतीत देते म्हणाल्या, तरी १३.४ टक्के मतं, तिसरा नंबर. मतदार आता ओळखून आहेत.

तटबंदी

आणि जुलै २०२५ विसरू नका. भ्रष्टाचार तपासणाऱ्या नाबूला सरकारच्या प्रॉसिक्युटर जनरलच्या ताटाखाली घालणारा कायदा २२ तारखेला पास झाला, तिमोशेन्कोंनी उघड पाठिंबा दिला, परदेशी लोकांचं नियंत्रण जातंय म्हणून. युद्ध चालू असताना कीवमध्ये पोरं पुठ्ठ्याचे बोर्ड घेऊन रस्त्यावर आली आणि ३१ तारखेला तो कायदा फिरवावा लागला. आता बोला.

कृष्णाकाठ

यावर मी त्यांची बाजू घेणार नाही, त्या दिवशी त्यांनी केलं ते मला अक्षम्य वाटतं. सरकारच्या खिशातला प्रॉसिक्युटर काय करू शकतो हे त्या देशात त्यांच्याइतकं कुणी भोगलेलं नाही. गॅसच्या खटल्यात कीवच्या पेचेर्स्क कोर्टात त्या न्यायाधीशासमोर उठून उभ्या राहायच्या नाहीत, ऑगस्टमध्ये त्यावरून आणि उलट बोलण्यावरून खटला चालू असतानाच अटक झाली. एप्रिल २०१३ मध्ये युरोपियन मानवाधिकार कोर्टाने ती कोठडी मनमानी ठरवली आणि त्यामागचा हेतू कायद्याबाहेरचा होता असंही म्हटलं, असा निकाल ते कोर्ट सहजासहजी देत नाही. खटला न्याय्य होता हे जगाला पटवायला यानुकोविचच्या लोकांनी पॉल मॅनाफोर्ट या अमेरिकन राजकीय सल्लागारामार्फत अमेरिकेतल्या स्कॅडन या वकिलांच्या फर्मकडून रिपोर्ट लिहून घेतला होता, त्या कामापायी फर्मला २०१९ मध्ये अमेरिकन सरकारला ४६ लाख डॉलर भरावे लागले. इतकं सोसून तीच बाई नाबूला प्रॉसिक्युटरच्या हाताखाली द्यायला हात वर करते?

पण सुमेधा ताई, माझा मूळ मुद्दा यानेच पक्का होतो. तुम्ही लाझारेन्कोचं लिहिलंत. युनायटेड एनर्जी सिस्टिम्सच्या करांचा आणि रशियन संरक्षण खात्याच्या ४० कोटी डॉलरच्या देण्याचा वेगळा खटला होता, २०१२ मध्ये खारकिवलाच, तारखांवर तारखा पडल्या. खरा प्रश्न तिथे होता. पण यानुकोविचला घाई, निवडणुकीतून बाद करायची घाई, म्हणून हाताशी येईल ते कलम लावलं. मग फेब्रुवारी २०१४ मध्ये राजवट पडली, तिमोशेन्को व्हीलचेअरवरून कीवच्या 'मैदान' चौकात आंदोलकांसमोर पोचल्या, जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने गॅसचा खटला गुन्हाच नाही म्हणून बंद केला आणि त्या लाटेत दुसराही गेला. सूडाच्या खटल्याने कुणाचं भलं झालं? त्यांचंच!

सुमेधा_वि

म्हणजे आपण दोघं एकाच जागी आलो, फक्त तुम्हाला राग यानुकोविचचा जास्त आणि मला त्यांचा. पण एक सांगा, २०१४ नंतर यानुकोविच रशियात पळालेला, सत्ता त्यांच्याच पक्षाच्या यात्सेन्युक आणि तुर्चिनोवकडे. तेव्हा 'माझ्या जुन्या कंपनीची चौकशी स्वतंत्र माणसाकडून करा' असं म्हणायला त्यांना कुणी अडवलं होतं?

कृष्णाकाठ

कुणीच नाही. ते त्यांनी म्हणायला हवं होतं.