आजीच्या ओव्यांचे गट पाडताना एक्सएसएलटी अडतं

प्रश्न: आजीच्या जात्यावरच्या ३१२ ओव्या टीईआय एक्सएमएलमध्ये (मजकूर खुणांसह साठवायच्या प्रमाण पद्धतीत) उतरवल्यात. विषयवार वेबपानं हवीत: माहेर, भाऊ, विठ्ठल. त्यासाठी एक्सएसएलटी (एक्सएमएलपासून पानं बनवायची भाषा) वापरतेय, पण ती चालवणारं एक्सएसएलटीप्रोक ‘फॉर-ईच-ग्रुप’ या गट पाडायच्या आज्ञेपाशीच अडतं. वहीतला क्रम मला मोडायचा नाहीये, म्हणून हाताने कॉपी-पेस्ट नकोच.

उत्तर: ताई, एक्सएसएलटीप्रोकला एक्सएसएलटीची फक्त १९९९ ची १.० आवृत्ती कळते. गट पाडायची ही सोय २.० मध्ये, २००७ साली आली. त्याऐवजी २.० कळणारा सॅक्सन-एचई हा प्रोग्रॅम घ्या. फुकट आहे, फक्त संगणकावर ‘जावा’ ही प्रणाली असावी लागेल.

उत्तर: आधी एक्सएमएललिंट (एक्सएमएलमधल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम) चालवा. कुठे एक्सएमएलमध्ये न चालणारा सुटा ‘&’ राहिला असेल तर ओळ क्रमांकासकट दाखवेल.

प्रश्नकर्ती: सापडला! ओळ २०७, ‘विठ्ठल & रखुमाई’. सॅक्सनने पानंही झाली. भावाच्या ओव्या सगळ्यात जास्त निघाल्या. संध्याकाळी आजीला वाचून दाखवणार आहे.