उभ्याने व्यायामाचा रबरी बँड ओढून वळताना कमरेत कळ येते, काय चुकतंय?

गच्चीकर, कोथरूड:
बँड गॅलरीच्या ग्रिलला छातीच्या उंचीवर बांधलाय. उजवा खांदा ग्रिलकडे, दोन्ही हातांनी बँड डावीकडे न्यायचा. १२-१२ चे ३ सेट. ‘पाय हलवू नका’ असं सगळीकडे सांगतात म्हणून पाय घट्ट रोवलेले. सातव्या-आठव्या वेळेपासून कमरेत उजवीकडे कळ येते, खांदे भरून येतात, पोटाला मात्र काहीच जाणवत नाही.

खुबा_आधी:
पाय रोवणं हीच चूक आहे. कमरेचे पाचही मणके मिळून एका बाजूला जेमतेम ५ ते १० अंश वळतात. त्यांचे सांधे पुढे-मागे वाकायला सोयीचे, पिळायला नाहीत. छातीमागचे १२ मणके साधारण ३०-३५ अंश देतात, बाकीचं वळण खुब्यातून यायला हवं. पाय खिळले की खुबा अडतो आणि सगळा भार कमरेवर पडतो.

पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे सैल. बँड सुरुवातीलाच थोडा ताणलेला हवा, लोंबता नको. डावीकडे वळताना उजव्या पायाची टाच उचला आणि चवडा फिरवा. अंगठा आणि गुडघा एकाच दिशेला. मुठी कायम शर्टाच्या मधल्या बटणासमोर राहिल्या पाहिजेत. मुठी बटणाच्या पुढे पळाल्या म्हणजे हात ओढतायत, धड वळत नाहीये. तुमचे खांदे त्यामुळेच भरतात. श्वास सोडत वळा, परत येताना ३ सेकंद घ्या. बँडने खेचून नेऊ दिलंत तर पोटाचं निम्मं काम वाया जातं. हलका बँड घ्या, दोन्ही बाजूंना ८-८ चे २ सेट पुरे.

तालीमवाला, शुक्रवार पेठ:
वरचं सगळं बरोबर, पण मी आधी न वळता बँड पेलायला लावीन. तसंच बाजूने उभं राहा, मुठी छातीपासून सरळ समोर ढकला, १० सेकंद थांबा, परत छातीशी. असं ५ वेळा. मुठी ग्रिलकडे सरकत असतील तर वळायची वेळ आलेली नाही. मुद्गल फिरवतानाही हात फिरतात, कंबर धरलेली असते.

आणि जमीन बघा. शहाबादी फरशीवर अनवाणी चवडा सहज फिरतो. रबरी मॅटवर खाचांचे बूट घातले तर तळवा अडकतो, पीळ गुडघ्यात जातो. बँड ग्रिलच्या आडव्या पट्टीच्या वर बांधा, नुसत्या उभ्या गजावर तो खाली घसरतो. गज गंजलेला असेल तर मध्ये जाड फडकं घाला, नाहीतर बँड कातरला जाऊन तोंडावर येईल.

गच्चीकर, कोथरूड:
पाय मोकळा सोडल्यावर कळ थांबली. वरून खाली तिरका ओढला तर चालेल?

खुबा_आधी:
आडवं २-३ आठवडे नीट जमू द्या. तिरक्यात पाठ गोल करून खाली वाकायचा मोह होतो. खाली जायचं ते खुबे आणि गुडघे वाकवून. कळ पायात उतरली किंवा मुंग्या आल्या तर बँड ठेवून द्या आणि आधी डॉक्टरांना दाखवा.