टाचदुखीसाठी शॉक वेव्ह थेरपी घ्यावी का?

सकाळी पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत अशी कळ जाते की भिंत धरूनच उभं राहावं लागतं, डॉक्टर प्लांटर फॅसायटिस (टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्यातल्या जाड पट्ट्याचं दुखणं) म्हणालेत, स्ट्रेचिंग, इनसोल, बर्फ सगळं कित्येक महिने करून झालं, आता शॉक वेव्ह सुचवलंय. करंट देतात का यात? कुणी घेतलीय?

प्रतिसाद १
करंट अजिबात नाही हो! दाबाच्या ध्वनिलहरी असतात, याच तंत्राने 1980 पासून किडनी स्टोन फोडतात. इथे ताकद बरीच कमी, जुनाट दुखण्यात थांबलेली भरून यायची क्रिया पुन्हा चालू व्हावी एवढाच हेतू. साधारण आठवड्याला एक अशी 3 ते 5 सेशन्स.

प्रतिसाद २
मी टेनिस एल्बोसाठी, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यासाठी घेतली. जेल लावून मशीनचा हँडपीस नेमका दुखऱ्या जागी दाबतात आणि टकटकटक सुरू, दुखतं बरं का, पण सांगितलं की जोर कमी करतात. लगेच फरक नाही पडला, हळूहळू कप उचलताना कळ येईना.

प्रतिसाद ३
फिजिओ आहे म्हणून कळकळीने सांगते, व्यायाम सोडू नका, नुसत्या मशीनवर विसंबू नका. खरा फरक कळायला 12 आठवडेही लागतात आणि सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल किंवा त्या जागी ट्यूमरची गाठ असेल तर आधी सांगाच. आणि सेशननंतर सूज कमी करणारी पेनकिलर मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

प्रश्नकर्ता
खूप आभार! बीपीसोबत रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, उद्याच विचारते.