केप कॉड सपाट आहे म्हणून 'केव्हाही, कसंही' जायचं?

खारा_वारा
परवा 'घाटवाट' यांनी केप कॉडबद्दल (अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचं समुद्रात घुसलेलं वाळूचं टोक) इथं लिहिलं: "केप कॉडला हायकिंग म्हणणं म्हणजे सारसबागेत फेरी मारून हरिश्चंद्रगड केला म्हणणं. सपाट जमीन, तळी, झाडी. नकाशा कशाला? चपला घालून, पोरंबाळं घेऊन केव्हाही जा." खाली शाबासकीची रांग. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

चढ नाही, कबूल. पण 'केव्हाही' आणि 'नकाशा कशाला' हे दोन शब्द वाचून उन्हाळ्यात आलेल्या आईवडलांना घेऊन निघालेला माणूस गोत्यात येईल.

वेलफ्लीटचं ग्रेट आयलंड घ्या. नॅशनल सीशोअरमधली (सरकारनं राखलेला इथला किनारा) ही सगळ्यात दमवणारी वाट. टोकापर्यंत जाऊन-येऊन आठ मैलांच्या आसपास, आणि बराचसा भाग भुसभुशीत वाळूचा. वाळूत चालायला पक्क्या जमिनीच्या दुपटीहून जास्त ताकद लागते, म्हणून मैलाचा हिशोब वीस मिनिटांचा नाही, तीस मिनिटांचा धरा. टोकाचा जेरेमी पॉइंट भरतीला पाण्याखाली जातो. तिथं भरती-ओहोटीतला फरक १० फुटांच्या घरात असतो. त्यामुळे ओहोटीच्या दोन तास आधी गाडीपासून निघायचं, ओहोटीच्या सुमारास टोक गाठायचं आणि लगेच वळायचं. ओहोटीपासून पुढच्या भरतीपर्यंत जेमतेम सव्वासहा तास मिळतात. वाटेत पिण्याचं पाणी नाही, पाइनची झाडी सोडली तर सावलीही नाही. माणशी दोन लिटर पाणी हवंच.

आता ब्रूस्टरचं निकरसन पार्क. क्लिफ पाँडची फेरी साधारण ३ मैल, कागदावर एकदम सोपी. पण ही तळी नदीनाल्यांनी भरत नाहीत. हिमनदी मागे हटताना वाळूत गाडले गेलेले बर्फाचे ढेकूळ वितळले, खड्डे पडले, त्यात भूजल दिसतं एवढंच. म्हणजे तळ्याची पातळी ही भूजलाची पातळी. हिवाळ्याचा पाऊस-बर्फ मुरला की वसंतात पाणी वर चढतं आणि काठाची वाट पाण्यात जाते. मग लोक वरच्या उतारावरून वाट काढतात. ते करू नका. उतार निव्वळ वाळूचा आहे, चार लोक गेले की घसरत तळ्यात येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोच काठ कोरडा मिळतो.

घाटवाट
अहो, मी लिहिलं होतं दीड मैलाच्या वाटांबद्दल, तुम्ही काढलं ग्रेट आयलंड. व्हाइट सीडर स्वॉम्पची फेरी १.२ मैल, दलदलीवर फळ्या टाकलेल्या. प्रॉव्हिन्सटाउनचं बीच फॉरेस्ट (बीच नावाच्या झाडांचं, किनाऱ्याचं नव्हे) मैलभर. ट्रुरोचं पिलग्रिम स्प्रिंग पाऊण मैलसुद्धा नाही. तिथं लोक दोनशे डॉलरचे बूट आणि दोन-दोन काठ्या घेऊन येतात, फोटोखाली लिहितात 'कॉन्कर्ड'. माझा राग त्यावर होता. काठीचं टोक फळ्यांच्या फटीत अडकतं, मागचे वीस जण खोळंबतात.

शंकासूर
काठ्यांबद्दल शंभर टक्के. पण सीडर स्वॉम्पची परतीची वाट मऊ वाळूतून आहे, ती कुणी सांगत नाही. बाबागाडी नेणारे फळ्या संपल्या की अडकतात. गुडघे दुखत असतील तर दलदल बघून आल्या वाटेनं मागे फिरा. शेजारीच मार्कोनीच्या केंद्राची जागा आहे, १९०३ साली अटलांटिकपार बिनतारी निरोप गेला ती. आईवडलांना तिथल्या कड्यावरून समुद्र दाखवा, काम झालं.

खारा_वारा
नकाशाचं राहिलं. सह्याद्रीत वाट चुकली तर धार दिसते, सोंड कळते, ओढा धरून उतरलं तर गाव लागतं. निकरसनच्या जंगलात यातलं काहीच नाही. वाळूतून पाणी मुरून जातं, ओढा असा नाहीच. लांबून ओळखू येईल असा उंचवटा नाही, सगळीकडे सारखेच पाइन आणि ओक. वाटा एकमेकींना छेदतात आणि झाडीतून एक तळं दुसऱ्यासारखंच दिसतं. सपाटीवर दिशा *जास्त* चुकते. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या.

चिंगी_नॅटिक
वाळू-भरती सगळं ठीक, पण खरी गोष्ट कुणी बोललंच नाही. गोचीड! चपला घालून जा म्हणे.

बिनधास्त_काका
आली गोचीड. अमेरिकेत आलं की सगळ्यांना गोचिडीची भीती. आम्ही पावसाळ्यात आंबोलीला जळवा झटकत हिंडलो. मीठ टाका, सुटते. नाहीतर घासलेटाचा बोळा.

चिंगी_नॅटिक
काका, जळू आणि गोचीड एक नव्हे. जळू मिठानं सुटते आणि प्रकरण संपतं. गोचिडीवर मीठ, घासलेट, व्हॅसलीन, पेटती काडी काहीही लावलंत तरी ती लगेच सुटत नाही, उलट लाळ आत ओकण्याचा धोका वाढतो. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला टेकवून तोंडाजवळ धरा, सरळ वर ओढा. पिळायचं नाही, पोट दाबायचं नाही. मग साबण-पाणी. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराचे जंतू शरीरात जायला साधारणपणे २४ तासांहून जास्त वेळ ती चिकटून राहावी लागते. म्हणून त्याच संध्याकाळी तपासणी करायची: काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, बेंबी, मुलांच्या केसांत. मे ते जुलैमधली पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, चष्मा लावून शोधा.

आणि 'अमेरिकेत आलं की' हे तर राहूच द्या. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ पासून माकडताप आहे, तो गोचिडीनंच पसरतो.

बिनधास्त_काका
बरं बाई, खसखस तर खसखस. पण ते फवारे अंगावर मारण्यापेक्षा कडुनिंबाचं तेल बरं.

निशिगंध
फवारे दोन प्रकारचे, आणि तुम्ही त्यांची गल्लत करताय. पर्मेथ्रिन ०.५ टक्के हे *कपड्यांना आणि बुटांना*, अंगाला कधीच नाही. अंगणात टांगून फवारा, पूर्ण वाळू द्या, साधारण सहा धुण्यांपर्यंत टिकतं. ओलं असताना मांजरीला विषारी आहे, घरात फवारू नका. अंगाला डीट २० ते ३० टक्के किंवा पिकॅरिडिन २० टक्के. कडुनिंबाचा वास येईल, गोचीड थांबेल याचा भरवसा नाही.

परत आल्यावर कपडे *आधी* ड्रायरमध्ये, जास्त उष्णतेवर १० मिनिटं. लोक आधी कोमट पाण्यात धुतात, त्यात गोचीड मरत नाही. तिला कोरडी उष्णता मारते.

घाटवाट
धागा सपाट वाटांचा होता, आता दवाखाना झालाय. सॉक्समध्ये पँट खोचून जायचं का मग?

निशिगंध
हो, खोचूनच. आणि फिकट रंगाची पँट. गोचीड उडी मारत नाही, झाडावरून पडतही नाही. गवताच्या टोकाला पाय पसरून वाट बघते. वाटेच्या मधून चाललात तर निम्मं काम झालं.

शंकासूर
मग सीशोअरमधल्या फोर्ट हिलच्या गवतात फोटोला बसणाऱ्यांनी काय करायचं? 😀

निशिगंध
उभ्यानं काढायचा.

खारा_वारा
गवताचा विषय निघालाय तर पॉइझन आयव्हीही, अंगावर फोड उठवणारी वेल. तीन-तीन पानांचा झुपका, मधल्या पानाचा देठ लांब. तळ्याकाठी आणि फळ्यांच्या कडेला भरपूर. ही बिब्ब्याच्याच कुळातली, चीकही त्याच जातीचा. बिबा उतलेला ज्यानं पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. फोड उठायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून लोकांना वाटतं जेवणातून काही बाधलं. हात लागला तर लगेच साबणानं घासून धुवा. बुटाच्या नाड्या आणि कुत्र्याचे केसही धुवा, चीक तिथं बसून राहतो. वाळकी वेल शेकोटीत टाकू नका, धूर छातीत जातो.

बिनधास्त_काका
एवढं सगळं वाचून सारसबागच बरी.

घाटवाट
जेरेमी पॉइंटपुरतं 'केव्हाही' मागे घेतो. चपला पण मागे. बाकी सपाटीला सपाटीच म्हणणार, 'कॉन्कर्ड' नाही.

एक मात्र तुम्ही विसरलात: थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) सोमवारपासून दोन आठवडे हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा मोसम असतो, आणि सीशोअरमध्ये शिकारीला परवानगी आहे. भडक केशरी जॅकेट घाला. तपकिरी शाल पांघरून झाडीत फिरू नका, शहाण्यांनो.

चिंगी_नॅटिक
हे कामाचं बोललात. एक शेवटचं, क्लिफ पाँडमध्ये मुलांना सोडणाऱ्यांसाठी: काठाशी गुडघाभर पाणी आणि वाळू बघून फसू नका. तळ्याची खोली ऐंशी फुटांहून जास्त आहे आणि उतार एकदम सुटतो. उन्हाळ्याच्या शेवटी पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर मुलं नकोत, कुत्रा तर मुळीच नको.

शंकासूर
ग्रेट आयलंडला जायचं ठरतंय. भरतीचा तक्ता कुठला बघू?

खारा_वारा
वेलफ्लीट हार्बरचा. समुद्राकडच्या बाजूचा, नॉसेटचा, बघू नका. तो पलीकडचा किनारा. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा दिवस असेल तर उधाण धरून आणखी अर्धा तास आधी वळा.