जुन्या गाडीच्या लाकडाला टू-पॅक, वॉर्निश की तेल?

रंधा
मॉरिस मायनर ट्रॅव्हलर (१९५३ ते १९७१) या गाडीच्या मागच्या भागाचा सांगाडा ॲशच्या लाकडाचा असतो. ते लाकूड शोभेचं नाही, मागचा सगळा भार त्याच्यावर आहे. अशा लाकडावर टू-पॅक पॉलियुरेथेन (दोन घटक मिसळून लावायचा कडक लेप) मारू नये, असं माझं ठाम मत आहे. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं; तो कडक थर तेवढा हलत नाही. सांध्यापाशी केसाएवढी चीर पडली की पाणी आत शिरतं आणि त्याच थरामुळे लवकर सुकत नाही. वरून झळाळी, आतून कूज. तेल लावावं. पोपडे निघत नाहीत, आणि लाकूड काळवंडायला लागलं की लगेच दिसतं.

चकाकी
पूर्ण असहमत. ॲश मुळात कुजायला सोपं लाकूड. तेल जेमतेम वरच्या पदरात मुरतं, ऊन अडवत नाही आणि पाणीही फार काळ रोखत नाही. त्यात साधं अळशीचं तेल म्हणजे बुरशीला आमंत्रण, काळे ठिपके हमखास. टू-पॅक उखडतं ते बहुतेक वेळा तयारीत कसर राहिल्यामुळे: लाकूड नीट वाळलेलं नसतं, नाहीतर कापलेली टोकं तशीच सोडलेली असतात. पाणी फळीच्या अंगापेक्षा टोकांतून कितीतरी पट वेगाने शिरतं. तिथे आधी पातळ इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) पाजा, मग बोला.

डोलकाठी
तुम्ही दोघांनी स्पार वॉर्निश सोडूनच दिलंत! ते बनलंच डोलकाठ्यांसाठी. वाऱ्याने वाकणाऱ्या लाकडावर टिकायचं म्हणून त्यात तेलाचं प्रमाण जास्त, त्यामुळे थर लवचीक राहतो. चांगल्या स्पार वॉर्निशमध्ये अतिनील किरण शोषणारी द्रव्यं असतात. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पारदर्शक थरातून ऊन आरपार गेलं की लाकडाच्या पृष्ठभागावरचं लिग्निन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, तुटतं. थर शाबूत असला तरी खालची पकड सुटते आणि सालपटं निघतात. पहिला हात टर्पेंटाइन घालून निम्म्याने पातळ करावा म्हणजे मुरतो. पुढचे हात घट्ट, प्रत्येक हात वाळल्यावर हलकं घासून. चकाकी, तुमचं इपॉक्सी टोकांना मलाही मान्य आहे, पण ते उन्हात उघडं ठेवू नका, पिवळं पडून खडूसारखं भुरभुरतं.

रंधा
डोलकाठी, दारांच्या आतल्या पट्ट्यांना स्पार वॉर्निश मीही लावेन. सांगाड्याला नाही. तिथे चमक दुय्यम, लाकडाची खरी अवस्था डोळ्यांना दिसली पाहिजे. तेल वारंवार लावावं लागतं हे खरं, पण त्या निमित्ताने प्रत्येक सांध्यावरून हात फिरतो. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

चकाकी
सांगाडा आहे म्हणूनच तर पाणी आत जाताच कामा नये! तेलाचा हात चुकलेला एक पावसाळासुद्धा त्याला महाग पडतो.

डोलकाठी
काहीही लावा, पण पत्रा आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत सिलिकॉन भरू नका. त्याचा अंश राहिला की पुढे त्या जागी वॉर्निश धरत नाही. न कडकणारं मॅस्टिक (फटी बुजवायचा चिकट लगदा) वापरा, आणि काचेच्या खाचेतली पाणी निघायची भोकं आधी मोकळी करा.