मदत हवी आहे: पोर्ट ५५४ उघडला, तरी गावाकडचा कॅमेरा बाहेरून दिसेना

नमस्कार मंडळी. गावी आई-अण्णा दोघंच असतात, म्हणून गोठ्यावर आणि अंगणात कॅमेरे बसवून घेतले. डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) टीव्हीखाली, राउटर देवळीत. घरच्या वायफायवर सगळं झकास. व्हीएलसीत (व्हिडिओ प्लेअर) डीव्हीआरचा पत्ता १९२.१६८.१.१० आणि पोर्ट (जोडणीच्या दरवाजाचा क्रमांक) ५५४ टाकला की म्हैस रवंथ करताना दिसते. पुण्यात आलो की नुसतं गोल गोल फिरतं आणि टाइमआउट.

आतापर्यंतचे उद्योग: राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून बाहेरचा ५५४ डीव्हीआरकडे वळवला. आरटीएसपीला (कॅमेऱ्याचं थेट चित्र मागवायची पद्धत) टीसीपी लागतं म्हणून ते, आणि शंका नको म्हणून यूडीपीही (दोन्ही डेटा पाठवायच्या पद्धती). मग ८०, मग ८०८०. पोर्ट तपासणाऱ्या साइटवर कायम 'बंद'. काल अण्णांकडून फोनवर राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता वाचून घेतला: "शंभर, टिंब, बहात्तर, टिंब..." पण त्याच वायफायवर मोबाइलमध्ये 'माझा आयपी' बघितला तर भलताच आकडा. एका घराला दोन पत्ते कसे?

आणखी एक, हसू नका. वेबसाइटी सगळ्या ४४३ वर असतात ना? मग मी आणि बायको एकाच वेळी एकच साइट उघडतो तेव्हा उत्तरांची अदलाबदल का होत नाही?

प्रतिसाद

हसायचं कशाला, नेमकं तेच कुणी नीट सांगत नाही. ४४३ हा पलीकडच्या सर्व्हरचा पोर्ट. अलीकडचा तुमचा संगणक दर जोडणीला नवा घेतो, विंडोजवर साधारण ४९१५२ ते ६५५३५ मधला. (आकडा १६ बिटांचा, त्यामुळे पुढे जागाच नाही.) दोघांचे पोर्ट भिडले तर राउटर एकाचा बदलतो आणि कुणाचा कुठला ते तक्त्यात टिपून ठेवतो. नेटस्टॅट (चालू जोडण्या दाखवणारी आज्ञा) चालवून बघा, तुमच्या बाजूला हे मोठे आकडे दिसतील.

आता कॅमेरा. अण्णा 'शंभर' म्हणाले तिथेच दुखणं सापडलं. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले. म्हणजे तुमच्या राउटरपुढे कंपनीचाही एक, आणि एका सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी घरं. सीजीनॅट म्हणतात त्याला. बाहेरून ५५४ वर आलेली हाक कुणाच्या घरची हे कंपनीच्या राउटरला कळत नाही, ती तिथेच गळते. तुमचं फॉरवर्डिंग बरोबरच असेल, त्याला विचारतंय कोण!

कंपनीकडे पब्लिक स्टॅटिक आयपी (फक्त तुमचाच, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागा. नाहीतर घरातूनच भाड्याच्या सर्व्हरपर्यंत वायरगार्डचा (व्हीपीएन) बोगदा काढा. यूडीपी ५१८२०, आणि कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) दर २५ सेकंदांनी ठेवा, नाहीतर मधला राउटर तक्त्यातली तुमची नोंद विसरतो. मी हा दुसरा मार्गच घेईन. ५५४ जगाला उघडा पडला नाही हे एका परीनं बरंच झालं. २०१६ मध्ये मिराय नावाचं मालवेअर असेच डीव्हीआर टेलनेटच्या (दूरून लॉगिन करायची जुनी सोय) पोर्ट २३ वरून मूळ पासवर्डनं ताब्यात घेत होतं. तुमचा बदललाय ना?

धागाकर्ता

बसवणाऱ्यानं १२३४५६ ठेवलाय. अण्णांना फोन लावतोय.