नेपाळच्या डोंगरातले आटते झरे: हा प्रस्ताव पास करावा का?

पागनीसपागा
नमस्कार मंडळी. नेपाळच्या मध्य डोंगरपट्ट्यातल्या एका गावाचा प्रस्ताव इंदुरात तांत्रिक मतासाठी आला आहे. पैसा हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या निधीतला. ४० घरं, सुमारे २०० माणसं. तीन झरे, तिन्ही नैर्ऋत्येकडच्या उतारावर, आणि मे महिन्यात तिघांचं मिळून पाणी मिनिटाला ४ लिटर. मागणी अशी: झऱ्यांच्या थेट वर २०० चर (२ मीटर लांब, ६० सेंमी रुंद, ४५ सेंमी खोल), २०,००० लिटरच्या दोन काँक्रीट टाक्या, आणि गावाच्या डोक्यावरच्या सोंडेवर १० × ८ मीटरचं, दीड मीटर खोल प्लास्टिकचं तळं. भूगर्भावर एकच ओळ आहे: "खडकाचे थर ईशान्येकडे कललेले." माळव्यातल्या चरांचा आणि शेततळ्यांचा हिशेब तिथे चालेल का?

हिशेबी_माणूस
आधी टाक्या. मिनिटाला ४ म्हणजे दिवसाला ५,७६० लिटर. माणशी ४५ लिटर धरले तर गावाला ९,००० हवेत. तूट रोज ३,२४० लिटरची. २०,००० ची एक टाकी भरायलाच साडेतीन दिवस लागतील, तेही कुणी नळ उघडला नाही तर! उन्हाळ्यात टाकीचं काम एकच, रात्रीचं वाया जाणारं पाणी धरून ठेवणं. दहा तासांचं ते पाणी २,४०० लिटर होतं. त्याला ५,००० लिटरची एक टाकी भरपूर झाली. बाकीचं सिमेंट कापा.

आता चर. एका चरात ०.५४ घनमीटर, २०० चरांत १०८. पावसाळ्यात पंधरा वेळा भरले तर १,६२० घनमीटर पाणी मुरेल. शंभर दिवसांची तूट ३२४ घनमीटर, म्हणजे मुरलेल्यातलं २० टक्के पाणी उन्हाळ्यात झऱ्यावर आलं तरी भागलं. कागदावर जमतंय. ते पाणी झऱ्यावर येणार का, हे जानापाव यांना विचारा.

जानापाव
तिथेच तर गाडी अडते. माळव्यात बेसाल्टचे थर जवळपास आडवे आहेत. पाणी भेगाळ, सच्छिद्र थरातून उतरतं, लाल बोलावर (दोन थरांमधल्या लाल मातकट पट्ट्यावर) किंवा घट्ट खडकावर अडतं आणि बाजूला फुटतं. त्यामुळे "झऱ्याच्या वर चर खणा" हे आपल्याकडे बहुतेक खपून जातं. नेपाळच्या मध्य डोंगरात फिलाइट, शिस्ट, क्वार्टझाइट, नाइस असे दुमडलेले, तिरपे खडक असतात. तिथे डोंगराचा उतार एकीकडे आणि थरांचा कल दुसरीकडे असू शकतो.

तुमची ती एक ओळ पुन्हा वाचा. थर ईशान्येकडे कललेले आणि झरे नैर्ऋत्येला. म्हणजे झरे थरांच्या तुटक्या कडेवर आहेत. वर मुरलेलं पाणी थराथरातून खाली जाताना ईशान्येला, डोंगराच्या पलीकडच्या झऱ्यांकडे सरकणार. २०० चर खणून शेजारच्या वडाचं भलं व्हायचं! (वडा म्हणजे तिथला वॉर्ड, आपला बटाटेवडा नव्हे.)

तरीही हे झरे वाहतात, म्हणजे पाणी कुठून तरी येतंय. शक्यता दोन: वरच्या मातीदगडाच्या ढिगातून, किंवा थरांना छेदणाऱ्या उभ्या सांध्यांतून, म्हणजे खडकातल्या भेगांतून. नुसता थरांचा कल मोजून भागणार नाही, सांध्यांची दिशा आणि कलही मोजायला सांगा. शिवाय पाण्याची विद्युतवाहकता (विरघळलेले क्षार जास्त तशी ती जास्त) मोजणारा साधा मीटर घ्यायला लावा. मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवसांत वाहकता झपकन उतरली आणि धार वाढली, तर पाणी जवळच्या उथळ थरातलं, आणि झऱ्यावरचे चर थोडेफार उपयोगी. वाहकता स्थिर राहिली आणि धार काही आठवड्यांनी वाढली, तर पाणी लांबचं किंवा खोलचं. मग मुरणक्षेत्र, म्हणजे जिथे मुरलेलं पाणी झऱ्याला पोचतं ती जागा, दुसरीकडे शोधायचं. पुण्याच्या अॅक्वाडॅम या भूजलावर काम करणाऱ्या संस्थेने काठमांडूच्या इसिमोड या पर्वतीय विकास संस्थेबरोबर झऱ्यांसाठी जी आठ टप्प्यांची पद्धत मांडली, तिच्यातही चर खणण्याआधी नोंदी आणि भूगर्भाचा नकाशा येतो. सिक्कीमच्या धारा विकास या झरे जिवंत करण्याच्या कार्यक्रमातही, २००८ पासून, मुरणक्षेत्र ओळखणं हाच कणा आहे.

आणखी एक विचारा: वर डोझरने नवा रस्ता कापलाय का? कापलेल्या भिंतीतून पाणी झिरपत असेल तर झरा आटलेला नाही, वाटेतच फुटलाय. मग त्याचं खापर हवामानावर फोडून निधी मागण्यात अर्थ नाही.

पागनीसपागा
रस्ता आहे, फोटोत दिसतोय. भिंत ओली आहे का ते विचारतो. तळ्याचं काय?

शेततळे_वाली
काका, तळ्याचं आकारमान आधी दुरुस्त करा. १० × ८ × १.५ म्हणजे १२० घनमीटर असं त्यांनी लिहिलं असणार. पण बाजू उभ्या ठेवल्या तर ढासळतात. १:१ उतार दिला की तळ ७ × ५ मीटरचा उरतो आणि पाणी मावतं ८४ घनमीटर. तेही काठोकाठ, वर ३० सेंमी मोकळे सोडले की आणखी कमी.

प्लास्टिक घातलं की पाणी मुरणार नाही, म्हणजे झऱ्याशी त्याचा संबंध उरत नाही. ती भाजीपाल्याची साठवण झाली. चालेल, पण मग तसं लिहा. प्लास्टिक ५०० मायक्रॉनचं घ्या. तळाखाली टोकदार दगड वेचून बारीक मातीचा थर हवा, कडा खंदकात पुरलेल्या हव्यात. फाटतं ते बहुधा पाण्याच्या रेषेच्या वर, जिथे ऊन लागतं आणि जनावरांचे खूर पडतात. कुंपण धरलंय का बघा.

खरी भीती जागेची. गावाच्या डोक्यावर ८४ टन पाणी, आणि अस्तर फाटलं की ते सगळं सोंडेच्या मातीत. वर चंद्रकोरीसारख्या भेगा, वाकलेली झाडं किंवा नवीन ओल अशा दरड सरकण्याच्या खुणा दिसल्या तर तळंही नको नि चरही नकोत. ३० अंशांपेक्षा उभ्या उतारावर मी चर मंजूर करणार नाही.

चर खणायचेच ठरले तर सलग नको, तुटक आणि एकाआड एक. सलग चराला एक घळ पडली की सगळं पाणी तिथूनच धावतं आणि खालच्या ओळी फोडत जातं. समपातळी बांबूच्या ए-फ्रेमने आखता येते: दोन मीटरचे दोन पाय, आडवी काठी, मध्ये दगडाचा ओळंबा. माती खालच्या बाजूला, चराच्या कडेपासून २०–३० सेंमी सोडून टाकायची आणि तिच्यावर गवत लावायचं. इंदुरात वर्षाला पडतो त्याच्या दुप्पट पाऊस तिथल्या बऱ्याच भागांत पडतो, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. त्यामुळे दगडी सांडव्याशिवाय एकही ओळ नको.

हिशेबी_माणूस
झऱ्याच्या बांधकामाचा आराखडा असेल तर एक बघा. जास्तीचं पाणी जाणारा पाइप झऱ्याच्या डोळ्याच्या (पाणी जिथून बाहेर फुटतं त्या तोंडाच्या) खाली हवा. झऱ्याभोवती बांधलेल्या पेटीतलं पाणी डोळ्याच्या वर चढलं की उलटा दाब येतो आणि झरा दुसरी वाट धरतो. मागची भिंत कोरड्या दगडांची, तिच्यामागे धुतलेली खडी. धार वाढवायला डोळा खणायचा नाही, सुरुंग तर मुळीच नाही.

खान_नदी
प्रस्तावात देखभालीचा रकाना रिकामा असेल अशी पैज लावतो. नेपाळातल्याच त्शो रोल्पा हिमसरोवराखाली १९९८ साली पुराचे भोंगे बसवले, ते काही वर्षांतच बंद पडले. बॅटरी, सुटे भाग, राखण, काहीच पुरलं नाही. २००० साली सरोवराची पातळी ३ मीटरनं उतरवली, ते काम मात्र टिकलं. चरांची गत भोंग्यांसारखीच. दर पावसाळ्याआधी गाळ काढावा लागतो, आणि गावातली तरणी मुलं आखातात किंवा मलेशियात. २०० चर साफ कोण करणार? मजुरीचा आकडा लिहून मागा. खोदाई दिवाळीनंतर ते चैत्रापर्यंत. आषाढात भाताची लावणी सोडून कुणी येणार नाही. मुरणक्षेत्र दुसऱ्या वडात निघालं तर दोन्ही वडांचा लेखी करार पालिकेसमोर व्हायला हवा, नाहीतर पुढच्या वर्षी तिथे नांगर फिरेल.

पागनीसपागा
मग उत्तर असं देतो: टाकी एक, ५,००० लिटरची. तळं सोंडेवरून हलवा. चरांचा पैसा राखून ठेवा आणि आधी वर्षभर नोंदी. किती वेळा मोजायचं?

जानापाव
धार आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पाणी भरायच्या आधी. वाहकता त्याच वेळी, आणि मोठ्या पावसानंतर सलग तीन दिवस. गावातच पर्जन्यमापक ठेवा, जिल्ह्याच्या ठिकाणचा पाऊस डोंगरात कामाचा नाही. ज्याच्यावर काहीच काम होणार नाही असा शेजारचा एक झराही मोजा, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय चरांना जाईल. आणि बादली देऊ नका. एकेका झऱ्याला मिनिटाला सव्वा-दीड लिटर येतंय, १५ लिटरची बादली भरायला दहा मिनिटं लागतील आणि पोरं अंदाजे आकडा लिहून मोकळी होतील. दोन लिटरचं मापाचं भांडं, मोबाइलचं घड्याळ, तीनदा मोजून सरासरी.